गोव्याच्या सीमेवरील तालुका, साथीचा काळ आणि सीटी स्कॅन: ठरावात मागणी नेमकी कशाची करावी?

प्रश्न: तेरेखोलकाठ

नमस्कार. सिंधुदुर्ग जिल्ह्यात गोव्याला लागून असलेल्या एका तालुक्यात मी राहतो. आमच्या ग्रामसभेत आरोग्यसेवेविषयी ठराव मांडायचा आहे आणि त्याचा मसुदा करण्याचे काम माझ्यासह तिघांवर सोपवलेले आहे. बहुतेकांचे म्हणणे आहे की तालुक्यात सीटी स्कॅनचे यंत्र हवे, एवढी एकच मागणी ठासून करावी. माझेही मत आजवर तेच होते. परंतु मसुदा लिहायला बसलो तेव्हा एकेक प्रश्न उभा राहू लागला, म्हणून जाणकारांपुढे तो मांडतो आहे.

आमच्या भागाची स्थिती बाहेरच्यांना चटकन लक्षात येत नाही. जिल्ह्याचे मुख्यालय ओरोस आमच्यापासून जितके दूर आहे, त्याहून म्हापसा जवळ आहे. पिढ्यान्‌पिढ्या आमची बाळंतपणे, हाडांची ऑपरेशने, कर्करोगाचे निदान हे सारे गोव्यात होत आले. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय हेच आमच्या मनातले ‘मोठे हॉस्पिटल’. १ जानेवारी २०१८ पासून तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा जिल्हाभर असंतोष उसळला होता, तो याच कारणाने. तरीही पैसे भरून का होईना, वाट मोकळी होती. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत ती वाटच बंद झाली.

माझा स्वतःचा अनुभव मे २०२१ चा आहे. वडील ६७ वर्षांचे, तापाचा सहावा दिवस, आरटीपीसीआर पॉझिटिव्ह आणि बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर आकडा ९२-९३. डॉक्टरांनी छातीचा एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसांचा बारकाईने केलेला सीटी स्कॅन, करून आणण्यास सांगितले, कारण जिथे खाट मिळण्याची शक्यता होती तिथे आधी त्या सीटीचा स्कोअर विचारत होते. सर्वांत जवळचे यंत्र सीमेपलीकडे होते. त्या आठवड्यात उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाच्या आदेशानुसार गोव्यात शिरण्यासाठी ७२ तासांच्या आतील निगेटिव्ह अहवाल आवश्यक झाला होता. तातडीच्या रुग्णांना त्यातून सूट होती, हे आम्हांला ठाऊक होते; पण नाक्यावरच्या कर्मचाऱ्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर शिक्का नसल्याचे कारण दिले आणि निगेटिव्ह अहवाल मागितला. ज्या माणसाला कोरोना झाला म्हणूनच स्कॅन हवा आहे, त्याच्याजवळ निगेटिव्ह अहवाल कुठून असणार, हे मी त्यांना हात जोडून सांगत राहिलो. दोन तास गाडी उन्हात उभी होती. शेवटी आम्ही माघारी फिरलो, रात्री जिल्ह्यातीलच एका केंद्रावर पोहोचलो, आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता नंबर लागला. स्कोअर २५ पैकी १४ आला. वडील नऊ दिवस ऑक्सिजनवर होते आणि सुदैवाने घरी परतले.

स्कॅनचे २५०० रुपये घेतले, म्हणजे सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये १६ ते ६४ स्लाइसच्या (एका फेरीत तेवढे काप टिपणाऱ्या) यंत्रासाठी ठरवून दिला होता तेवढाच दर. गाडीचे मात्र साडेसहा हजार झाले. स्कॅनच्या दरावर मर्यादा होती. स्कॅनपर्यंत पोहोचण्याच्या खर्चाला कुणीच मर्यादा घातली नव्हती.

आता माझे प्रश्न. साथीच्या काळात सीमेवरच्या तालुक्याला खरोखर कशाची उणीव भासते, यंत्राची, माणसांची की वाटेची? सीटीच मागावा, की त्याआधी मागण्यासारखे आणखी काही आहे? ज्यांनी हे काम आतून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १: छायाचिकित्सक

मी क्ष-किरणतज्ज्ञ आहे. साथीच्या दोन्ही लाटांत पश्चिम महाराष्ट्रातील एका शहरात होतो आणि दुसऱ्या लाटेत दिवसाला साठ-सत्तर छातीचे सीटी वाचत होतो. आपल्या वडिलांची हकीकत वाचून मन अस्वस्थ झाले, कारण असे कितीतरी रुग्ण आमच्या टेबलावर प्रवासाने दमून, धापा टाकत येऊन पडत असत.

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ज्या रुग्णाचा ऑक्सिजन ९२-९३ आहे, त्याला त्या क्षणी ऑक्सिजन हवा होता. स्कॅन नंतर झाला असता तरी चालले असते. फुप्फुसांच्या पाच खंडांना प्रत्येकी ० ते ५ गुण देऊन २५ पैकी जो स्कोअर काढतात, तो फुप्फुसाचा किती भाग बाधित आहे एवढेच सांगतो. खाट देण्यासाठी हा आकडा प्रवेशपत्रासारखा मागितला जाऊ लागला, ही त्या काळातील मोठी चूक होती, आणि तिचा सर्वाधिक भुर्दंड ज्यांच्या जवळपास यंत्र नव्हते त्यांनीच भरला. शहरातल्या माणसाला ती एक जादा तपासणी होती. आपल्यासारख्यांना तो एक दिवसाचा उशीर होता.

ही सवय कशी लागली, हेही सांगायला हवे. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनमधून आलेल्या सुरुवातीच्या अभ्यासांत सीटीची संवेदनशीलता (बाधितांपैकी किती जण ओळखले जातात ते प्रमाण) ९७-९८ टक्के दिसली आणि घशाच्या स्रावाच्या चाचणीची त्याहून बरीच कमी. हुबेई प्रांताने तर त्या महिन्यात सीटीवर आधारित निदानही रुग्णसंख्येत धरले, आणि एका दिवसात जवळजवळ पंधरा हजारांची भर पडली. चाचणीचे किट कमी, रुग्ण अगणित, अशा परिस्थितीत त्यांना ते करणे भाग होते. परंतु लक्षणे सुरू झाल्यावर पहिल्या दोन दिवसांत केलेल्या सीटीपैकी निम्म्याहून अधिक सीटी पूर्णपणे स्वच्छ असल्याचे त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या १२१ रुग्णांच्या अभ्यासात दिसून आले होते. म्हणजे दुसऱ्या दिवशी घाईने केलेला ‘नॉर्मल’ सीटी खोटा दिलासा देऊन जातो. एप्रिल २०२० मध्येच फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या छायाचित्रणातील तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आजार बळावण्याचा धोका नसेल तर सौम्य लक्षणांच्या रुग्णांत एक्स-रे-सीटीसारख्या छायाचित्रणाची आवश्यकता नाही असे सांगितले होते. आपल्याकडे मात्र एप्रिल-मे २०२१ मध्ये लोक तापाच्या दुसऱ्या दिवशी रांगेत उभे राहिले, आणि ज्यांना खरी गरज होती ते त्या रांगेच्या शेवटी राहिले.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ग्रामसभेत हा प्रश्न हमखास निघेल. मे २०२१ च्या सुरुवातीस एम्सचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी एक सीटी म्हणजे ३०० ते ४०० एक्स-रे असे सांगितले आणि क्ष-किरणतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने त्याला हरकत घेऊन तो आकडा कालबाह्य असल्याचे म्हटले. लोक गोंधळले. वास्तविक, नेहमीच्या पद्धतीने केलेल्या छातीच्या सीटीत सुमारे ७ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणांच्या मात्रेचे एकक) आणि एका सरळ एक्स-रेत सुमारे ०.०२ धरले तर भागाकार साडेतीनशे येतो. कमी मात्रेचा सीटी १ ते १.५ मिलिसिव्हर्टमध्ये होतो आणि दोन बाजूंनी घेतलेला एक्स-रे ०.१ धरला तर तो दहा-पंधरावर येतो. यंत्र कोणते आणि ते कोणत्या सेटिंगवर चालवले, यावर सारे अवलंबून आहे. गरज असेल तेव्हा भीती बाळगू नये आणि गरज नसेल तेव्हा करू नये, एवढे लोकांना सांगितले तरी पुरे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. साथीसाठी म्हणून सीटी मागू नका, असे माझे मत आहे. साथीसाठी मागा ऑक्सिजन, भरपूर ऑक्सिमीटर, सहा मिनिटे चालवून ऑक्सिजन उतरतो का हे पाहून नोंद ठेवणाऱ्या आशाताई, आणि ग्रामीण रुग्णालयात रात्रंदिवस चालणारा डिजिटल एक्स-रे. छातीचा एक्स-रे सुरुवातीच्या सौम्य आजारात फारसे दाखवत नाही हे खरे; पण ऑक्सिजन खाली येऊ लागलेल्या रुग्णात तो बहुधा बोलका असतो, दर दोन दिवसांनी पुन्हा काढता येतो आणि न्यूमोनिया वाढतो आहे की ओसरतो आहे हे सांगतो. फिरते यंत्र असेल तर ते खाटेजवळ नेता येते. याउलट बाधित रुग्णाचा सीटी झाला की खोली निर्जंतुक करून हवा बदलेपर्यंत यंत्र अडकून राहते. दुसऱ्या लाटेत आमची रांग त्यामुळेच सरकत नव्हती.

तरीही सीटी मागाच, मात्र त्याचे कारण वेगळे लिहा. आपला भाग मुंबई-गोवा महामार्गावरचा आहे. डोक्याला मार लागलेला अपघातग्रस्त आणि अर्धांगवायूचा झटका आलेला रुग्ण यांना सीटीशिवाय पर्याय नाही. झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि मेंदूत रक्तस्राव नाही हे सीटीने पाहिल्याखेरीज ते देता येत नाही. सीमा उघडी असतानाही हे साडेचार तास आपल्याकडे रस्त्यातच संपतात. साथ असो वा नसो, वर्षभर चालेल अशी ही गरज आहे. आणि जे यंत्र वर्षभर चालते तेच साथीत कामाला येते. बंद खोलीत कापड घालून ठेवलेले यंत्र साथ आली म्हणून अचानक सुरू होत नाही.

उत्तर २: एक्सरेवाला

डॉक्टरसाहेबांनी शेवटच्या वाक्यात माझ्या मनातले लिहिले. मी शासकीय सेवेत एकोणीस वर्षे क्ष-किरण तंत्रज्ञ आहे. त्यापैकी बरीच वर्षे सीमेलगतच्या ग्रामीण भागात काढली. कोणत्या रुग्णालयात, ते लिहीत नाही, कारण जे सांगणार आहे ते कुठल्या एका ठिकाणापुरते नाही.

लोक यंत्र मागतात, यंत्र येते, फीत कापली जाते. त्यानंतरच्या गोष्टी ठरावात कुणी लिहीत नाही. तंत्रज्ञाचे मंजूर पद एकच असेल तर रात्री, रविवारी आणि तो रजेवर असताना खोलीला कुलूप असते. साथीत मी स्वतः सतरा दिवस विलगीकरणात होतो. तेवढे दिवस आमच्याकडे एकही एक्स-रे निघाला नाही, आणि यंत्र अगदी ठणठणीत होते. म्हणून पहिली मागणी पदांची करा. चोवीस तास सेवा म्हटली की सुट्ट्या-रजा धरून किमान चार माणसे लागतात.

दुसरी गोष्ट विजेची. कोकणात पावसाळ्यात वीज कशी असते हे आपल्याला मी सांगायला नको. दाब कमी-जास्त झाला की आधी एक्स-रे यंत्राच्या जनरेटरचे कार्ड जाते आणि मग एक्स-रे ट्यूब. सीटीची ट्यूब बदलायची तर खर्च लाखांत जातो आणि देखभालीचा वार्षिक करार नसेल तर मंजुरीची फाईल फिरत राहते. स्वतंत्र रोहित्र, चांगले अर्थिंग, सीटीच्या खोलीला अखंड वातानुकूलन आणि खोलीतील ओल घालवणारे यंत्र या चार गोष्टी मागणीपत्रात नसतील, तर यंत्र मिळूनही न मिळाल्यासारखेच. अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, त्यासाठी भिंतींची जाडी आणि दाराचे शिसे आधीच पाहावे लागते. जुन्या वॉर्डाची एक खोली रिकामी केली आणि यंत्र बसवले, असे होत नाही.

तिसरी गोष्ट रिपोर्टची. सीमेवरच्या तालुक्यात क्ष-किरणतज्ज्ञ राहायला येणार नाहीत, हे धरूनच चालावे. प्रतिमा दूर पाठवून रिपोर्ट मागवता येतो आणि महाराष्ट्रात ही सोय अनेक ठिकाणी चालूही आहे. पण त्यासाठी नेट हवे. सीटीचा एक काप ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचा, साधारण अर्धा एमबी; छातीच्या तपासणीत असे तीनशे ते पाचशे काप निघतात, म्हणजे दीडशे ते अडीचशे एमबी. वर पाठवण्याचा वेग दोन एमबीपीएस असेल तर एका रुग्णाला दहा ते सतरा मिनिटे लागतात, तीही मध्ये नेट तुटले नाही तर. डिजिटल एक्स-रेची फाईल मात्र दहा-वीस एमबीची, तीच जोडणी तिला मिनिट-दीड मिनिटात पाठवते. सीटीआधी एक्स-रेची साखळी पक्की करा असे मी म्हणतो, त्यामागे हा हिशेब आहे.

दुसऱ्या लाटेत आम्ही काय केले, तर फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून मोबाईलने फोटो काढायचा आणि व्हॉट्सअॅपवर पाठवायचा. काही जीव त्यानेही वाचले, हे मी नाकारत नाही. पण व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करते, पेटीची चमक मध्ये येते, आणि न्यूमोनियाची सुरुवातीची धूसर छटा नेमकी तिथेच हरवते. पलीकडचे डॉक्टर ‘पुन्हा काढून पाठवा’ म्हणत, आणि रुग्णाला पुन्हा उभे करावे लागे. ज्याला धड श्वास घेता येत नाही, त्याला ‘श्वास घ्या, रोखून धरा’ असे दुसऱ्यांदा सांगताना फार वाईट वाटे.

उत्तर ३: मांडवीपासून दूर

या चर्चेत सारा भर छातीवर आणि डोक्यावर आहे, म्हणून एका वेगळ्या तपासणीविषयी लिहिते. साथीच्या काळात सीमेवर जे हुकले त्यात सोनोग्राफी मोठी होती आणि तिची नोंद कुठेच नाही.

एप्रिल २०२० मध्ये मला पाचवा महिना होता. माझे माहेर आणि सासर दोन्ही सिंधुदुर्गातले, डॉक्टर मात्र गोव्यातल्या. बाळात काही व्यंग आहे का हे पाहण्याची सविस्तर सोनोग्राफी अठरा ते वीस आठवड्यांत करायची असते. माझी तारीख टाळेबंदीत आली. पहिले दोन आठवडे पास मिळाला नाही, तिसऱ्या आठवड्यात मिळाला तो चौदा दिवसांच्या विलगीकरणाच्या अटीवर, आणि पहिल्या मुलीला घरी सोडून तसे राहणे शक्य नव्हते. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात शोधत शोधत अखेर बाविसाव्या आठवड्यात तपासणी झाली. सर्व ठीक निघाले, मुलगा आज शाळेत जातो. परंतु त्या वेळी कायद्याने गर्भपाताची मर्यादा वीस आठवड्यांची होती; ती विशिष्ट स्त्रियांसाठी चोवीस आठवड्यांवर गेली ती २०२१ मध्ये. माझ्या तपासणीत काही गंभीर निघाले असते, तर निर्णय घेण्याची मुदत नाक्यावर थांबलेल्या त्या दोन आठवड्यांतच उलटून गेलेली असती. त्या काळात रात्र-रात्र माझ्या डोक्यात हाच हिशेब चालू असे.

ठरावात लिहिण्याजोगी एक अडचण यातून लक्षात आली. एक्स-रेचे फिरते यंत्र गावोगाव नेता येते, पण सोनोग्राफीचे यंत्र असे नेता येत नाही. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली प्रत्येक यंत्र आणि त्याची जागा नोंदवावी लागते, आणि फिरते यंत्र नोंदलेल्या रुग्णालयातील दाखल रुग्णांसाठी किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणूनच वापरता येते. कायदा मुलींच्या जिवासाठी आहे आणि तो सैल करावा असे मी मुळीच म्हणणार नाही. एप्रिल २०२० मध्ये केंद्राने त्यातील नोंदणी-नूतनीकरणाचे आणि मासिक अहवालांचे काही नियम जूनअखेरपर्यंत स्थगित केले, तेव्हा स्त्रियांच्या संघटनांनी घेतलेला आक्षेप मला पटला होता. माझे म्हणणे एवढेच की कायद्याच्या चौकटीत राहून फिरत्या वैद्यकीय पथकात नोंदणीकृत सोनोग्राफी यंत्र आणि पात्र डॉक्टर ठेवता येतात; साथीत सीमा बंद होईल तेव्हा हे पथक सीमेलगतच्या गावांत ठरलेल्या वारी यावे, अशी मागणी करता येईल. गरोदर बाईची तारीख पुढे ढकलता येत नाही.

उत्तर ४: नेत्रावतीकाठ

मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरीनिमित्त वीस वर्षे मंगळूरला आहे. आपली गोवा-सिंधुदुर्गाची हकीकत वाचताना मला पदोपदी केरळ-कर्नाटक सीमेवरचा तलपाडीचा नाका आठवत होता.

कासरगोड जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे मंजेश्वर मंगळूरपासून वीसेक किलोमीटरवर आहे, आणि त्या वेळी केरळमधले सर्वांत जवळचे चालू शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, कण्णूर जिल्ह्यातील परियारम, तेथून शंभराच्या आसपास होते. त्यामुळे तेथील लोकांचे डायलिसिस, स्कॅन, हृदयाचे उपचार सारे मंगळुरात. मार्च २०२० च्या अखेरीस कर्नाटकाने रस्त्यांवर मातीचे ढिगारे टाकून सीमा बंद केली. वाटेतच रुग्ण दगावल्याच्या बातम्या रोज येऊ लागल्या. केरळ उच्च न्यायालयाने १ एप्रिलला अडथळे दूर करवून घेण्याचे आदेश केंद्राला दिले, कर्नाटक सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ७ एप्रिलला केंद्राने न्यायालयास सांगितले की तलपाडीवर रुग्णांना सोडण्याची कार्यपद्धती दोन्ही राज्यांनी मान्य केली आहे. तेव्हा कुठे वाट किलकिली झाली. त्यानंतरही कागदाची तपासणी, रुग्णवाहिकेची तपासणी, नाक्यावरच्या वैद्यकीय पथकाची परवानगी हे होतेच.

पुढच्या वर्षी हेच तेलंगणाच्या सीमेवर घडले. मे २०२१ मध्ये शेजारच्या राज्यांतून येणाऱ्या रुग्णवाहिका अडवल्या जाऊ लागल्या. तेथील रुग्णालयाने आधी खाट राखल्याचे आणि नियंत्रण कक्षाने मान्यता दिल्याचे दाखवावे अशी अट घातली गेली. १४ मे रोजी तेलंगणा उच्च न्यायालयाने त्या परिपत्रकाला स्थगिती दिली. गडचिरोलीच्या सिरोंच्याकडील लोक उपचारांसाठी प्राणहिता-गोदावरी ओलांडून तेलंगणातच जातात, हे इथल्या वाचकांना ठाऊक असेल.

दोन्ही ठिकाणी वाट खुली करायला न्यायालये लागली. केंद्रीय गृह सचिवांनी ११ मे २०२० रोजी राज्यांना पत्र लिहून डॉक्टर, परिचारिका, रुग्णवाहिका यांची ये-जा राज्यांतर्गत व राज्याराज्यांत विनाअडथळा ठेवण्यास सांगितले होते. पत्र होते, पण नाक्यावर उभा असलेल्या शिपायाच्या हातात ते नव्हते. त्याच्या हातात त्या दिवसाचा स्थानिक आदेश होता. म्हणून तेरेखोलकाठ यांना माझी सूचना अशी, की ठरावात यंत्राइतकीच ठळक जागा या वाटेला द्या. साथ नसताना, शांतपणे, दोन्ही बाजूंच्या जिल्हाधिकाऱ्यांनी एक लेखी कार्यपद्धती करून ठेवावी: कोणत्या तपासणीसाठी कोणाच्या सहीची चिठ्ठी चालेल, पॉझिटिव्ह रुग्णाला कोणता मार्ग आणि कोणते केंद्र, सोबत किती जण, परतीच्या वाटेवर विलगीकरण लागू होईल की नाही. चिठ्ठीचा नमुना आधीच छापून प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवावा. आपल्या वडिलांचे दोन तास एका शिक्क्याने वाचले असते.

तेरेखोलकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मसुद्याचा सूरच बदलला आहे. काल आम्ही तिघे बसलो आणि सीटीची मागणी पहिल्या क्रमांकावरून काढून तिच्या जागी सीमेपलीकडे जाण्याची लेखी कार्यपद्धती आणि छापील चिठ्ठी घेतली. त्याखाली डिजिटल एक्स-रे, तंत्रज्ञांची चार पदे आणि रिपोर्टची जोडणी हे सारे एकाच मागणीत गुंफले, जेणेकरून यंत्र देऊन बाकीचे वगळता येणार नाही. सीटी उपजिल्हा रुग्णालयासाठी मागितला आहे आणि कारण म्हणून अपघात व अर्धांगवायू लिहिले आहेत. सोनोग्राफीसह फिरत्या पथकाची मागणी आमच्या गटातील शिक्षिका बाईंनी स्वतः लिहून घेतली. ताईंची हकीकत त्यांनी दोनदा वाचली.

वडिलांनाही हे सगळे वाचून दाखवले. स्कॅन नंतर झाला असता तरी चालले असते, हे डॉक्टरांचे वाक्य ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, की गावातल्या प्रत्येक वाडीत एक ऑक्सिजनचे यंत्र आणि ते लावता येणारे दोघे असावेत, हे सर्वांत वर लिहा. तसे लिहिले आहे.

एक शंका उरली आहे. एक्सरेवाला यांनी अर्थिंगचा उल्लेख केला. आमच्याकडे जांभा दगड आहे, उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते. त्यासाठी मागणीत वेगळे काही लिहावे लागेल का?

एक्सरेवाला

हो, लिहावेच लागेल. जांभ्यात उन्हाळ्यात अर्थिंगचा रोध फार वाढतो आणि यंत्र विनाकारण बंद पडू लागते. रुग्णालयाच्या इतर वायरिंगपासून वेगळे, फक्त यंत्रासाठी रासायनिक अर्थिंग मागा, आणि त्याचा रोध दर वर्षी एप्रिल-मेमध्ये मोजून नोंदवहीत लिहावा असे स्पष्ट नमूद करा. मोजणी पावसाळ्यात केली तर आकडा नेहमीच चांगला येतो.